स्मार्ट स्विच आणि साधे सॉकेट : एका भिंतीवरच्या प्लेटा एकसारख्या कशा ठेवायच्या?

ऋता_मनीषनगर
दोन बेडरूमचा फ्लॅट, वायरिंग साधारण दहा वर्षांचं. हॉलमध्ये आठ मॉड्यूलचा (एका स्विचएवढी जागा म्हणजे एक मॉड्यूल) आडवा बोर्ड आहे: पाच स्विच, एक रेग्युलेटर, दोन मॉड्यूलची जागा घेणारा एक 6 अँपिअरचा सॉकेट. टीव्हीमागे बारा मॉड्यूलचा, दोन्ही बेडरूममध्ये सहा-सहाचे, आणि खिडकीखाली कूलरसाठी 16 अँपिअरचा पॉईंट. सगळ्या प्लेटा पांढऱ्या. दिवे आणि पंखे मोबाईलवरून चालवायचे आहेत. काचेचे टच पॅनेल पाहिले, पण ते लावले की शेजारचे सॉकेट आणि टीव्ही पॉईंट पांढऱ्या प्लास्टिकचेच राहतात आणि भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसते. भिंत फोडायची नाही. लेझर कटिंगवाल्याकडून सगळ्या बोर्डांसाठी एकसारख्या प्लेटा करून घ्याव्यात का? कोणत्या मटेरियलच्या?

कन्सील_बॉक्स
ताई, मटेरियल नंतर ठरवा. आधी एकेक प्लेट उघडून चार गोष्टी लिहून काढा.

बोर्डाच्या कंपनीचं आणि मालिकेचं नाव. ते फ्रेमच्या किंवा मॉड्यूलच्या मागं कोरलेलं असतं. एका कंपनीचं मॉड्यूल दुसरीच्या फ्रेममध्ये बसत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही बसेलच असं नाही. मालिका अजून बाजारात असेल तर निम्मं काम तिथंच होतं.

बॉक्सची खोली. व्हर्नियर कॅलिपरची मागची दांडी बॉक्सच्या तळाला टेकवून भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत मोजा. पत्र्याचा बॉक्स नवा असताना 50 मिमीच्या आसपास असतो, पण प्लास्टर करताना आत सिमेंट राहून जातं.

न्यूट्रल आहे का. आपल्याकडे बहुतेक बोर्डांत सॉकेट असतो, म्हणून काळी वायर आत आलेलीच असते. फक्त स्विच असलेल्या जिन्याच्या किंवा बाथरूमबाहेरच्या बोर्डात ती नसते.

आणि बोर्डात फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या जिवंत वायरी, किती. अर्धं घर इन्व्हर्टरवर असेल तर एकाच बोर्डात दिव्या-पंख्याची फेज इन्व्हर्टरची आणि सॉकेटची फेज मेनची, असं सर्रास असतं.

उघडण्याआधी मेन पाडा आणि इन्व्हर्टरसुद्धा बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची लाईन जिवंत राहते. टेस्टरवर भरवसा न ठेवता मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही तपासा.

ऋता_मनीषनगर
मोजलं. मालिका अजून मिळते, दुकानात विचारलं. खोली हॉलमध्ये 48 मिमी, बेडरूममध्ये 45 आणि 46. सगळीकडे न्यूट्रल आहे. हॉलच्या बोर्डात दोन फेज आहेत: दिवे-पंखा इन्व्हर्टरवर, सॉकेट मेनवर. न्यूट्रलही दोन वेगळे दिसतात. बेडरूममध्ये सगळं इन्व्हर्टरवर.

कन्सील_बॉक्स
मग हॉलमध्ये सॉकेटसकटचा तयार टच पॅनेल बाद. अशा पॅनेलला सहसा एकच फेज आणि एकच न्यूट्रल जोडायची सोय असते. दोन फेज एकत्र बांधल्या तर मेनचा सॉकेट इन्व्हर्टरवर येईल आणि त्यावर कोणी इस्त्री लावली की इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बसेल.

माझं मत स्पष्ट आहे: मागं बॉक्समध्ये रिले, म्हणजे मोबाईलवरून चालणारा छोटा स्विच, आणि पुढं तीच मालिका. प्लेट, स्विच, सॉकेट, टीव्ही पॉईंट सगळं एकाच साच्यातलं राहतं, म्हणून जुळवायचा प्रश्नच उरत नाही. प्लेटेचा रंग बदलायचा असेल तर त्याच मालिकेतल्या दुसऱ्या रंगाच्या बाहेरच्या प्लेटा घ्या, त्या वेगळ्या मिळतात. राखाडी, काळा, लाकडी छटा असे पर्याय बहुतेक मालिकांत आहेत.

दोन न्यूट्रलचं एक लक्षात ठेवा. रिलेची फेज ज्या सर्किटची, न्यूट्रलही त्याच सर्किटचा घ्या. सोपं पडतं म्हणून शेजारच्या सॉकेटचा न्यूट्रल उचलला तर रिलेच्या स्वतःच्या सर्किटचा करंट एका आरसीसीबीतून (गळती दिसली की लाईन तोडणाऱ्या स्विचमधून) जातो आणि दुसऱ्यातून परततो. एक रिले काही मिलिअँपिअरच घेतो, त्यामुळे लगेच काही होत नाही. तीन-चार रिले तसे जोडले की 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी अधूनमधून पडायला लागते आणि कारण कोणाला सापडत नाही. अर्थला न्यूट्रल म्हणून तर कधीच वापरू नका.

बुटीबोरीकर
जागेचा हिशोब मांडतो. बॉक्स 48 मिमी. स्विचचं मॉड्यूल टर्मिनल आणि वायरच्या वळणासकट फ्रेमच्या मागं 28 ते 30 मिमी घेतं. उरले 18 ते 20. शेली किंवा सोनऑफ कंपनीचा छोटा रिले 16-17 मिमी जाड आणि साधारण 40 मिमी लांब-रुंद. कागदावर बसतो, पण दहा वर्षांपूर्वीच्या वायरी कडक झालेल्या असतात. दाबून बसवलं की फ्रेम एका बाजूनं उचलली जाते आणि प्लेट भिंतीपासून 2 मिमी उघडी राहते. लोक मग स्क्रू आणखी आवळतात, फ्रेम मधून वाकते, रॉकर (स्विचच्या दाबायच्या पट्ट्या) अडकतात.

त्यासाठी रिले स्विचच्या मागं ठेवूच नका. बोर्डात एक मॉड्यूलची जागा रिकामी करा आणि तिथं त्याच मालिकेचा ब्लँक, म्हणजे कोरं झाकण, लावा. ब्लँकच्या मागं जवळजवळ पूर्ण खोली मिळते. जागा दोन ठिकाणी निघते: लाल इंडिकेटर असेल तर तो काढा, किंवा पंखा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) असेल तर रेग्युलेटर काढा. बीएलडीसी पंख्याला रेग्युलेटर लावायचाच नसतो, त्याला थेट 230 व्होल्ट हवे असतात.

हॉलच्या बोर्डात चार-पाच सुटे रिले कोंबण्यापेक्षा भारतीय बोर्डांसाठी बनवलेला चार दिवे अधिक एक पंखा असा एकत्र रिले मॉड्यूल घ्या. घेण्याआधी त्याची जाडी बघा आणि बॉक्सच्या उरलेल्या खोलीशी ताडून पाहा. साधा पंखा असेल तर आत कपॅसिटरवर वेग बदलणारा मॉड्यूल निवडा. ट्रायॅकवाला (इलेक्ट्रॉनिक) डिमर पंख्याला लावला की मोटर गुणगुणते.

ऋता_मनीषनगर
हॉलचा पंखा बीएलडीसी आहे, बेडरूमचे साधे. एक शंका. मोबाईलवरून दिवा बंद केला की भिंतीवरचा स्विच "चालू" बाजूलाच राहणार ना? मग ओळीतले काही रॉकर वर, काही खाली. सगळ्या प्लेटा जुळल्या तरी ते डोळ्यांत खुपेल.

कन्सील_बॉक्स
म्हणून साधे स्विच काढून त्याच मालिकेचे बेल पुश लावा. दाबून सोडला की परत जागेवर येतो, त्यामुळे सगळी ओळ कायम एका पातळीत. रिलेच्या सेटिंगमध्ये स्विचचा प्रकार बदलून "पुश बटण" करा.

दुकानात सांगताना घंटीचं चिन्ह नसलेला मागा. बहुतेक मालिकांत बेल पुशवर घंटी छापलेली असते. काहींत कोरा मिळतो किंवा रॉकरची वरची टोपी बदलता येते. हा तपशील आधी विचारला नाही तर हॉलमध्ये पाच घंट्या दिसतील.

खापरी_सीएनसी
ताईंचा मूळ प्रश्न करून घ्यायच्या प्लेटांचा होता, तर त्यावर. होतात, पण कुठं फसतं ते नीट समजून घ्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मूळ प्लेटेवर 3 मिमी अॅक्रिलिकची चकती डकवणं. स्विचला चालून जातं. सॉकेटला नाही. मॉड्यूलचा चेहरा प्लेटेच्या जवळजवळ सपाटीत असतो. वर 3 मिमी चढवले की प्लगचं डोकं किंवा मोबाईलच्या चार्जरचं अंग कडेला अडतं आणि पिना 3 मिमी कमी आत जातात. 16 अँपिअरच्या प्लगवर गिझर चालला की त्या अर्धवट संपर्कावर उष्णता वाढते, आधी सॉकेट पिवळा पडतो आणि मग पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळतं. वरून डकवायचंच असेल तर 1 मिमीच्या आत: व्हिनाइल किंवा पातळ पॉलिकार्बोनेट. व्हिनाइल कडेवर वळवून आत घेऊ नका, प्लेटेच्या क्लिपा बसत नाहीत. बाहेरच्या काठाशीच कापा.

जाड मटेरियल हवं असेल तर बाहेरची प्लेट पूर्ण काढून तिच्याच जाडीची नवी करा. आतली फ्रेम आणि मॉड्यूल मूळचेच ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. सॉकेटचं शटर, पिनेची पकड, भारतीय मानक आयएस 1293 चा शिक्का हे सगळं मॉड्यूलमध्ये आहे; स्विचवर आयएस 3854. आपण फक्त चौकट बदलतोय.

मापं घेताना एका मॉड्यूलची रुंदी मोजून आठानं गुणू नका. मोजण्यात 0.2 मिमी चुकलं तर आठ मॉड्यूलला 1.6 मिमी होतात. पूर्ण ओळ एकदम मोजा, तीन ठिकाणी. प्लेटेतली खिडकी, म्हणजे मॉड्यूलसाठी कापलेली जागा, चारही बाजूंनी 0.3 मिमी मोठी ठेवा. लेझरची रेघ साधारण 0.2 मिमी खाते, ते कटिंगवाल्यानं धरलंय की तुम्ही, हे ठरवून घ्या. दोघांनीही धरलं तर खिडकी सैल होते. पहिला तुकडा जाड पुठ्ठ्यावर कापून बोर्डावर बसवून बघा आणि सगळे रॉकर दाबून पाहा.

मटेरियल:

अॅक्रिलिक घेतलं तर कास्ट शीट घ्या, एक्सट्रूड नको. उष्णतेनं ते चांगलंच फुगतं. 220 मिमीच्या प्लेटेत डिसेंबरची 10 अंश आणि मे महिन्याची 45 अंश यांत अर्धा मिमीहून जास्त फरक पडतो. स्क्रूची भोकं घट्ट केली तर प्लेट कोपऱ्यात तडकते. भोकं 1 मिमी मोठी करा आणि एका बाजूला लांबट. लेझरनं कापलेल्या कडेला स्पिरिट किंवा थिनर लावलं की बारीक तडे उमटतात, साबणाच्या पाण्यानंच पुसा. आणि अॅक्रिलिक पेटतं. 16 अँपिअरच्या आणि एसीच्या पॉईंटला मी ते देत नाही.

पॉलिकार्बोनेट आगीच्या दृष्टीनं बरंच बरं, पण लेझरवर कडा तपकिरी होते. ते सीएनसी राऊटरवर (फिरत्या कटरच्या मशीनवर) कापायचं. पीव्हीसी किंवा फोम शीट लेझरवर टाकायलाच लावू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराईडचा वायू निघतो.

काच करायची तर सगळी भोकं आणि खिडक्या टफन करण्याआधीच. नंतर एक भोकसुद्धा पाडता येत नाही, काच चुरा होते. खिडकीचे आतले कोपरे काटकोनात नको, किमान काचेच्या जाडीएवढी गोलाई द्या. पण मॉड्यूलचे कोपरे काटकोनी असतात, म्हणजे चारही कोपऱ्यांत गोलाई मॉड्यूलला अडणार. तिथं खिडकी तेवढी मोठी घ्यावी लागते आणि फट दिसते. म्हणूनच मॉड्यूलवाल्या बोर्डाला काच फारशी शोभत नाही, कोऱ्या टच पॅनेललाच शोभते. वजनाची काळजी नको, 4 मिमी काचेची 220 बाय 90 ची प्लेट 200 ग्रॅमच्या आत बसते.

सदर_3डी
थ्रीडी प्रिंटचं सांगतो, कारण हल्ली बरेच जण तेच करून राहिले. पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकमध्ये करू नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात पश्चिमेची भिंत, आत रिलेची गरमी, वरून खिडकीतून ऊन: प्लेट मधून पोटाकडे फुगते. पीईटीजी ऐंशीच्या आसपास, एबीएस आणि एएसए शंभराच्या आसपास. पांढरं हवं असेल तर एएसए, ते उन्हानं लवकर पिवळं पडत नाही.

आणि रिलेच्या माहितीपत्रकातलं कमाल तापमान वाचा. छोट्या रिलेंना बहुतेक वेळा 40 अंशच दिलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात बंद खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीतला बॉक्स ते सहज ओलांडतो. 16 अँपिअर लिहिलेल्या रिलेवर तिथं निम्म्याच्या वर भार टाकू नका. दिव्यांना काही अडचण नाही.

ऋता_मनीषनगर
म्हणजे कूलर आणि गिझर रिलेवर नको? आणि पितळी रंगाच्या धातूच्या प्लेटा कशा वाटतात? टीव्हीमागच्या भिंतीला छान दिसतील.

बुटीबोरीकर
धातूच्या प्लेटेला दोन अटी. एक, प्लेट अर्थ केलीच पाहिजे. फ्रेम प्लास्टिकची असते, त्यामुळे प्लेटेला आपोआप अर्थ मिळत नाही. रिंग लग लावून बॉक्सच्या अर्थ स्क्रूपासून हिरवी वायर आणा आणि मल्टिमीटरनं प्लेट ते अर्थ कंटिन्युइटी तपासा. दोन, मागं पत्र्याचा बॉक्स आणि पुढं धातूची प्लेट म्हणजे आतला वाय-फाय किंवा झिगबीचा रिले डबीत बंद झाला. मॉड्यूलच्या प्लास्टिकमधून थोडा सिग्नल निघतो, पण कनेक्शन तुटत राहतं. ज्या बोर्डात रिले आहे तिथं पितळी रंगाची प्लास्टिक प्लेट, जिथं फक्त सॉकेट आहेत तिथंही तीच. खरी धातूची एक आणि रंगाची एक शेजारी लावली तर दोन पितळं कधीच जुळणार नाहीत.

गिझर: 2 किलोवॅटचा म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, 3 किलोवॅटचा 13. तो डीबीत (घराच्या मुख्य एमसीबी बोर्डात) कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भाराचा रिले, बसवून चालवा आणि बोर्डातला छोटा रिले फक्त कॉन्टॅक्टरची कॉईल ओढेल असं करा. बोर्डावर काहीच बदलत नाही, प्लेटही तीच.

वायरमन_त्रिमूर्तीनगर
कूलरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथल्या घरात तोच पॉईंट सगळ्यात जास्त त्रास देतो.

कूलरचा भार मोठा नाही, मोटर आणि पंप मिळून एक-दीड अँपिअर. त्रास मोटरच्या कॉईलचा. बंद करताना संपर्कावर ठिणगी उडते, सुरू होताना काही पट करंट ओढते. रिले काही दिवस चालतो, मग संपर्क चिकटतो आणि मोबाईलवर "बंद" दिसत असताना कूलर चालूच राहतो. उपाय: मोटरच्या दोन टोकांवर 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स2 कपॅसिटर आणि 100 ओहमचा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून केलेला स्नबर (ठिणगी शोषणारा भाग), आणि पंप व पंख्याला वेगळे रिले.

दुसरं पाणी. खिडकीखालच्या पॉईंटवर तुषार येतात, हवाही दमट. तिथं टच पॅनेल लावू नका, थेंब पडला की आपोआप चालू-बंद होतो. साधा रॉकर आणि त्याच मालिकेची प्लेट. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, साधे एका हंगामात गंजतात आणि पांढऱ्या प्लेटेवर तपकिरी ओघळ येतो. प्लेट आणि भिंत यांच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटीत सिलिकॉन भरा, खालची बाजू उघडी ठेवा म्हणजे आत गेलेलं पाणी निथळेल.

आणि तो पॉईंट 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर आहे ना, ते बघा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. मोबाईलवरून बंद केलेल्या कूलरमध्ये पाणी भरायला हात घालू नका. रिले फेज तोडतो, पण संपर्क चिकटला असेल तर तुम्हाला कळणार नाही. आधी प्लग काढा, मगच टाकीला हात.

ऋता_मनीषनगर
कूलरचा पॉईंट साधाच ठेवते. प्लेट मात्र बदलेन. आता पांढऱ्याबद्दल. नव्या प्लेटा आणल्या तर जुन्या मॉड्यूलशेजारी रंग वेगळा दिसेल का?

खापरी_सीएनसी
दिसेल. दहा वर्षांत जुनं प्लास्टिक पिवळसर होतं, खिडकीसमोरचं जास्त. मुळात पांढरासुद्धा एक नसतो. रंगांच्या आरएएल तक्त्यात 9003, 9010, 9016 हे तिन्ही पांढरेच आहेत आणि शेजारी ठेवले की फरक कळतो. चकाकीनंही रंग वेगळा वाटतो, मॅट आणि ग्लॉसी एका भिंतीवर नको.

रंग दुकानातल्या ट्यूबखाली ठरवू नका. एक प्लेट आणि एक मॉड्यूल घरी आणा, त्याच भिंतीवर धरून दुपारच्या उजेडात आणि रात्री घरच्या दिव्यात पाहा. पिवळसर दिव्याखाली जुळणारे दोन पांढरे उजेडात वेगळे निघतात.

मार्ग असा: हॉलची एक भिंत पूर्ण नवी करा, प्लेट आणि मॉड्यूल दोन्ही. तिथले निघालेले जुने मॉड्यूल बेडरूममध्ये खराब झालेल्यांच्या जागी वापरा, जुन्यात जुनं मिसळून जातं. किंवा प्लेट मुद्दाम गडद घ्या. पांढऱ्याशेजारी पिवळसर पांढरा लगेच दिसतो, राखाडी प्लेटेत बसवलेला तोच मॉड्यूल खटकत नाही.

रंगवायचा विचार असेल तर फक्त बाहेरची प्लेट, मॉड्यूल कधीच नाही; रंगाच्या थरानं रॉकर घासतो आणि सॉकेटचं शटर अडकतं. अॅसिटोन किंवा एनसी थिनर पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो. प्लास्टिक प्रायमर आणि वर वॉटर-बेस्ड रंग.

कन्सील_बॉक्स
खरेदीचा हिशोब देतो, म्हणजे नागपूरच्या इतवारीत घाऊक दुकानात गेलात तरी एका फेरीत होईल.

हॉल: आठ मॉड्यूलची *आडवी* प्लेट फ्रेमसकट (आठची चौकोनीही येते, तिचा बॉक्स वेगळा), कोरे बेल पुश 5, ब्लँक 1, 6 अँपिअरचा सॉकेट 1, चार दिव्यांचा रिले मॉड्यूल 1. पंखा बीएलडीसी असल्यानं रेग्युलेटर जातो, त्या जागी ब्लँक. पाचवा स्विच पंख्याचा, त्याला एक सुटा रिले, तो ब्लँकच्या मागं. टीव्हीमागे फक्त बाराची प्लेट आणि सॉकेट. बेडरूममध्ये पंखे साधे आहेत, तिथं दोन दिवे आणि एक पंखा असा मॉड्यूल मिळाला तर रेग्युलेटरचीही जागा सुटते. कूलरला त्याच रंगाची प्लेट आणि 16 अँपिअरचा सॉकेट-स्विच.

प्रत्येक मापाची एक प्लेट जास्त घ्या, एकाच खोक्यातली. दोन वर्षांनी एखादी तुटली तर तोच रंग मिळेल याची खात्री नाही.

वायरमन_त्रिमूर्तीनगर
बसवताना: बॉक्स प्लास्टरच्या आत 4-5 मिमी गेलेला असेल तर स्क्रू आवळून फ्रेम आत ओढू नका. फ्रेमच्या मागं नायलॉनचे वॉशर घाला आणि लांब स्क्रू वापरा. बॉक्स तिरका असेल तर फ्रेमची लांबट भोकं तेवढ्यासाठीच असतात. लेव्हल बॉटल फ्रेमवर धरा, प्लेटेवर नाही. शेजारशेजारच्या दोन बोर्डांना एकच पट्टी लावून वरची कड जुळवा, भिंतीच्या कडेशी नाही, कारण भिंती सरळ नसतात.

प्लेट दाबून बसवण्याआधी मेन आणि इन्व्हर्टर चालू करून सगळे दिवे एकदा हातानं आणि एकदा मोबाईलवरून चालवा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. मग मेन पाडून इन्व्हर्टरवर पुन्हा तेच. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मॉड्यूलचं वागणं इथंच कळतं. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर दिव्याच्या टोकांवर 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स2 कपॅसिटर लावा.

ऋता_मनीषनगर
हॉलपासून सुरुवात करते. राखाडी मॅट प्लेट ठरवली. कोरा बेल पुश आमच्या मालिकेत मिळतो, पण दुकानदार म्हणाले पाच हवे असतील तर मागवावे लागतील.

कन्सील_बॉक्स
मागवा आणि एकदम मागवा, हॉलचे पाच आणि बेडरूमचेही. दोन्ही बेडरूमला लागतीलच. आल्यावर फ्रेममध्ये बसवून दाबून बघा. बेल पुशचा स्प्रिंग मऊ असेल तर दोनदा दाबल्याचा सिग्नल जातो आणि दिवा लागून लगेच विझतो. रिलेच्या सेटिंगमध्ये डबल प्रेसचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा.